वाड्याचे हॉटेल आणि मुदपाकखान्याची वाट

१

बखर, पोवाडा, कादंबरी, नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका ही इतिहास सांगणारी माध्यमे आपण समीक्षेला पात्र मानतो. त्यांत दिसणारे छत्रपती, पेशवे किंवा होळकर कागदाला किती धरून आहेत यावर वाद होतात, पुस्तके निघतात, प्रसंगी मोर्चेही निघतात. याच रांगेत बसणारे एक माध्यम मात्र समीक्षेच्या नजरेतून सुटले आहे. ते म्हणजे किल्ल्यात किंवा राजवाड्यात थाटलेले हॉटेल.

हे हॉटेल इतिहास सांगते आणि ठसठशीतपणे सांगते. दारावर तुतारी वाजते, वाढप्याच्या डोक्यावर पागोटे असते, खोलीला कुणा सरदाराचे नाव असते. जेवणाच्या कार्डावर ‘शाही’ आणि ‘दरबारी’ हे शब्द सुटे पैसे उधळावेत तसे विखुरलेले असतात. बखरीचा वाचक निदान विचारतो, की हे खरे कशावरून? हॉटेलातला पाहुणा तसे विचारत नाही, कारण त्या कथेत राजा तो स्वतःच असतो. एका रात्रीपुरते का होईना, सिंहासन त्याच्या नावावर झालेले असते.

प्रस्तुत लेखात अशा काही मुक्कामांचे वाचन करायचा विचार आहे. ‘वाचन’ हा शब्द मी जाणून वापरतो आहे. खोल्यांचे भाडे, गाद्यांचा मऊपणा आणि नळाच्या पाण्याची धार हा प्रवासवर्णनांचा प्रांत झाला. मला पाहायचे आहे ते हे, की ही इमारत आपल्याला काय सांगते, काय गाळते, आणि गाळलेले कोणाच्या वाट्याचे असते.

मी तासगावचा. आमच्या गावात किल्ल्याचे हॉटेल नाही आणि नजीकच्या काळात होईल असेही दिसत नाही. तरीही या विषयाकडे तासगावातून पाहण्यात एक सोय आहे. इथे पटवर्धनांचा वाडा आहे, परशुरामभाऊंनी बांधलेले गणपतीचे मंदिर आहे, आणि संस्थान जाऊन पावणेदोनशे वर्षे झाली आहेत. गादी गेल्यावर इमारतीचे काय होते, याचा अनुभव या गावाला राजस्थानच्या कितीतरी आधीपासून आहे.

२

राजवाड्याचे हॉटेल हा प्रकार आपल्याकडे नेमका कधी रुजला ते सांगता येते. जयपूरच्या सवाई मानसिंहांनी १९५७ मध्ये रामबाग पॅलेस हॉटेल म्हणून खुला केला. उदयपूरच्या पिछोला तलावातला जगनिवास १९६३ मध्ये हॉटेल झाला. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि जी गोष्ट हौसेची होती ती गरजेची झाली. शेकडो खोल्यांचे छप्पर शाकारायचे तर पैसा हवा, तो पाहुण्यांकडून घ्यायचा. नीमराणाचा पंधराव्या शतकातला पडका किल्ला १९९१ मध्ये हॉटेल म्हणून उघडला, तेव्हा या धंद्याला नवा नमुना मिळाला. राजा नसलेल्या माणसांनीही किल्ला विकत घ्यावा, दुरुस्त करावा आणि चालवावा, हा तो नमुना. पुढे केंद्राच्या पर्यटन खात्याने १९५० पूर्वीच्या इमारतींसाठी ‘हेरिटेज हॉटेल’ अशी वेगळी वर्गवारीच केली.

युरोपात हे आधीच झाले होते. स्पेन सरकारने १९२८ मध्ये पहिले ‘पारादोर’ काढले, आणि पुढे जुने किल्ले, मठ, गढ्या एकेक करून या सरकारी साखळीत आणल्या. फ्रान्समध्ये १९५४ मध्ये जुन्या हवेल्या आणि उत्तम स्वयंपाकघरे यांना एकत्र बांधणारी संघटना निघाली. तिच्या ‘रले ए शातो’ या नावातच मुक्कामाचा टप्पा आणि गढी असे दोन्ही शब्द आहेत. किल्ल्यातला मुक्काम आणि उंची जेवण यांची जोडी तिथून जगभर गेली.

मग महाराष्ट्रात हा प्रकार इतका विरळ का? ‘आपल्याला मार्केटिंग जमत नाही’ हे नेहमीचे उत्तर आहे. माझ्या मते उत्तर इतिहासात आहे, आणि हॉटेल नेमका तोच इतिहास सांगत नाही.

आपली खरी दुर्गसंपत्ती डोंगरी किल्ल्यांची. १८१८ नंतर इंग्रजांनी त्यांतल्या अनेकांच्या वाटा, तट आणि टाकी निकामी केली. जमिनीवरचे वाडे लाकडाचे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, उरला तो तट आणि दिल्ली दरवाजा. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले, आणि त्याच साली वारस नसल्याच्या कारणावरून तासगावची जहागीरही. म्हणजे रजपूत संस्थानिकांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकात आरसेमहाल बांधायला जो अवधी मिळाला, तो इथल्या अनेक घराण्यांना मिळालाच नाही. तासगावच्या वाड्याला ना तनखा होता ना तो जाण्याचे दुःख.

यानंतरचे दोन आघात स्वातंत्र्यानंतरचे. १९४८ च्या जानेवारीअखेर गांधीजींची हत्या झाली आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे आणि वाडे जळाले. त्या आगीबद्दल या भागात आजही हळू आवाजात बोलतात. त्याच वर्षी मुंबई राज्याचा कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिना’पासून कसणारा जमिनीचा मालक व्हावा अशी तरतूद लागू झाली. इनामे रद्द करणारे कायदेही याच दशकातले. वाडा हा जमिनीच्या उत्पन्नावर उभा असतो. जमीन कसणाऱ्याकडे गेली, आणि ते न्याय्यच झाले. वाडा मात्र आतून पोकळ होत गेला.

हे मी खंत म्हणून लिहीत नाही. तासगाव तालुक्याने यानंतर जे उभे केले ते जगाला माहीत आहे. ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात याच तालुक्यातल्या बोरगावच्या बागेतली. गावाचे आणि गावच्या देवाचे नाव एका वेलीला मिळाले. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात, आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाडा ओस पडणे आणि रान हिरवे होणे या एकाच कथेच्या दोन बाजू आहेत. वारसा सांगणारे हॉटेल पहिली बाजू हळवेपणाने सांगते आणि दुसरी गाळते. त्या कथेत शेवटचा राजा असतो, शेवटचा कूळ नसतो.

३

गादी गेलेल्या इमारतींचे पुढचे आयुष्य आमच्या भागात कसे गेले याची दोन उदाहरणे घेऊ.

पहिले सांगलीच्या गणेशदुर्गाचे. तासगावच्या पटवर्धनांपासून जवळच असलेल्या सांगलीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामणराव आप्पासाहेबांनी आपली राजधानी केली. त्यांचा हा भुईकोट, भोवती खंदक. पुढे याच आवारात कचेऱ्या आल्या, तुरुंग आला. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार हा तुरुंग फोडून तटावरून बाहेर पडले. पाठलागात दोघे सहकारी मारले गेले, दादांना गोळी लागली. एका तटाने इतके दिले असताना त्याची गोष्ट कुणी फक्त राजाच्या पंगतीपासून सुरू करून तिथेच संपवली, तर ती गोष्ट खोटी नसली तरी अर्धी असते.

दुसरे उदाहरण तासगावचेच. परशुरामभाऊ दक्षिणेतल्या स्वाऱ्यांवर गेले, धारवाडला वेढा घालून बसले, श्रीरंगपट्टणापर्यंत पोचले. तिकडे पाहिलेल्या गोपुरांच्या धर्तीवर त्यांनी गावच्या गणपतीपुढे सात मजली गोपुर उभारले. महाराष्ट्रात असे गोपुर दुर्मिळ. मंदिर १७७९ ते १७९९ या काळातले. त्याच १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी झालेल्या पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ पडले. जहागीर पुढे पन्नास वर्षेही टिकली नाही. रथोत्सव मात्र टिकला. भाद्रपदात ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो आणि तो गाव हातांनी ओढतो. दोर धरायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या पटवर्धनांनी हा उत्सव घालून दिला त्यांचे राज्य गेले, पण दोर गावाच्या हातात राहिला.

याच गावच्या मामलेदार कचेरीवर ३ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चा गेला आणि तिच्यावर तिरंगा चढला. चले जाव चळवळीतला सातारा जिल्ह्यातला हा यशस्वी मोर्चा. (तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते.) आमच्याकडे सत्तेची इमारत म्हणजे नुसती पाहण्याची वस्तू कधीच नव्हती. तिच्यात शिरायचे असे, तिच्यातून निसटायचे असे, तिच्यासमोरून रथ ओढून न्यायचा असे.

या अनुभवातून मी एक साधी कसोटी घेतो. वाडा हॉटेल झाल्यावर त्याच्यातून जाणारी गावाची वाट उरते का? आणि त्याच्या स्वयंपाकघराची, म्हणजे मुदपाकखान्याची वाट पाहुण्याला दाखवली जाते का? पहिला प्रश्न दिंडी दरवाजाचा, दुसरा मागच्या दाराचा. बाकी सजावट कशीही असो, या दोन दारांवरून त्या हॉटेलचा इतिहासाशी असलेला व्यवहार कळतो.

४

ही कसोटी मराठी मुलखातल्या आणि मराठी घराण्यांच्या काही जागांना लावून पाहू.

सासवडजवळचा जाधवगड हा महाराष्ट्रातला या प्रकारचा सर्वांत ठळक प्रयोग. शाहू महाराजांचे सरदार पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेली ही गढी २००७ मध्ये हॉटेल म्हणून खुली झाली. तुतारीचे स्वागत, मावळी पोशाखातले सेवक ही इथली ओळख. जुन्या घरगुती वस्तूंचे ‘आई’ नावाचे संग्रहालय ही मला इथली सर्वांत विचारी गोष्ट वाटते, कारण राजाच्या गढीत तिने भांडी-कुंडी, दिवे, जाती यांना जागा दिली. पण हे संग्रहालय आणि जेवणाचे टेबल यांच्यात संवाद व्हायला हवा होता. जाते काचेमागे आणि भाकरी ताटात, आणि दोघींची ओळख पाहुण्याला कुणी करून देत नाही, असे बहुतेक अशा हॉटेलांत होते.

गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्या सीमेवरचा तेरेखोलचा किल्ला वाडीच्या सावंत-भोसल्यांचा. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. आवारात सेंट अँथनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा लावला. या किल्ल्याचे हॉटेल झाले तेव्हा त्यातल्या सात खोल्यांना नावे दिली गेली ती आठवड्याच्या वारांची. ज्या तटावर एका विशिष्ट तारखेला एक झेंडा चढला, तिथे पाहुण्याला मिळतो ‘गुरुवार’ किंवा ‘शनिवार’. मला यात दुष्टपणा दिसत नाही, निष्काळजीपणा दिसतो. वार हा दर आठवड्याला परत येतो आणि म्हणून कुणालाच बोचत नाही. तारीख बोचते. उंची हॉटेलची भाषा तारखेपेक्षा वार पसंत करते, हे या एका नामकरणात स्वच्छ दिसते.

कोल्हापूरच्या रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३० च्या दशकातला. राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्याला आहे. १९८७ मध्ये त्याचे हॉटेल झाले आणि पुढे ते बंद पडले. कोल्हापूरकरांना मात्र तो रंकाळ्यावर फिरायला गेले की दिसतोच. त्याचे दर्शन तरी कुणी तिकिटाआड नेले नाही.

सावंतवाडीचा राजवाडा या सगळ्यांत वेगळा वाटतो. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा रंगवण्याची मरत चाललेली कला पुन्हा उभी केली, आणि राजवाड्याच्या दरबारातच कारागीर बसून गोल पत्ते रंगवू लागले. पुढे राजवाड्याच्या आवारात मुक्कामाची सोय झाली, तेव्हा खोल्यांच्या सजावटीतही गंजिफाच आली. इथे पाहुणा येण्याच्या कितीतरी आधीपासून इमारतीत काम चालू होते. पाहुणा त्या कामाच्या शेजारी उतरतो. फरक आहे तो इथे.

आणि महेश्वर. नर्मदेकाठचा अहिल्या किल्ला २००० च्या सुमारास अतिथिगृह झाला. हा प्रयोग होळकर घराण्यातल्या रिचर्ड होळकरांचा. जगभरच्या उंची हॉटेलांच्या यादीत तो आहे, आणि त्याचे दर सामान्य माणसाला चक्कर आणणारे आहेत. ज्या अहिल्याबाईंचे राहते घर लाकडी आणि साधे, त्यांच्या नावावर इतके महागडे आतिथ्य ही विसंगती आहेच. पण कसोटी लावली तर चित्र गुंतागुंतीचे दिसते. अहिल्याबाईंच्या वाड्याचा भाग आणि त्यांची गादी लोकांना पाहायला खुली आहे. मातीची छोटी शिवलिंगे रोज करून नर्मदेत सोडण्याचे लिंगार्चन चालू आहे. घाट गावाचा आहे. १९७९ पासून ‘रेहवा’ संस्थेने माहेश्वरी लुगड्यांचे माग पुन्हा चालते केले. म्हणजे दिंडी दरवाजाची वाट इथे बुजलेली नाही. मागच्या दाराबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. रिचर्ड होळकर हे शालिनीदेवी होळकरांसह १९७५ मध्ये राजघराण्यांच्या पाककृतींचे इंग्रजी पुस्तक लिहिणारे, स्वतः स्वयंपाकात रमणारे गृहस्थ. तिथल्या जेवणाला बागेतल्या भाजीचा आणि त्या दिवसाच्या बेताचा आधार असतो, ‘दरबारी’ या विशेषणाचा नाही.

५

आता खुद्द जेवणाकडे येऊ, कारण पाहुण्याच्या लक्षात राहतो तो इतिहास ताटातला असतो.

एका किल्ल्यातल्या हॉटेलात (त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही) मी सात टप्प्यांचे ‘मराठा दरबारी भोजन’ घेतले. एकेक पदार्थ मोठ्या पांढऱ्या ताटलीत, मधोमध, चमचाभर. दुसऱ्या टप्प्यात नाण्याएवढी पुरणपोळी आइस्क्रीमबरोबर आली. मटणाच्या रश्श्याला ‘पेशवेकालीन’ म्हटले होते आणि त्यात टोमॅटो होता. चव उत्तम होती. आचारी गढवालचा होता आणि त्याच्या हाताला खोट नव्हती. आचारी बाहेरगावचा असण्यात नवीनही काही नाही, मोठ्या घरांचे मुदपाकखाने नेहमीच परगावच्या हातांवर चालले. माझा प्रश्न चवीचा नाही, व्याकरणाचा आहे.

आपल्या पानाचे व्याकरण जागेचे असते. पान मांडले की डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि साजूक तूप. वरणभाताने सुरुवात, मध्ये मसालेभात, शेवटी ताकभात. तीन भातांच्या मध्ये सगळे जेवण बसते आणि जेवणारा स्वतः ठरवतो की कशाला कधी हात लावायचा. एकामागून एक पदार्थ आणण्याची जी पद्धत आपण युरोपीय राजेशाहीची समजतो, ती खुद्द युरोपातही एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि तिला तिथे ‘रशियन पद्धत’ म्हणत. त्याआधी फ्रेंच सरदारांच्या मेजावरही सगळे पदार्थ एकदम मांडले जात. म्हणजे किल्ल्यात बसून सात टप्प्यांत जेवताना आपण ना पेशव्यासारखे जेवतो ना जुन्या फ्रेंच सरदारासारखे. आपण एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय हॉटेलसारखे जेवतो आणि त्याला दरबार म्हणतो.

मराठी राजघराण्यांच्या छायेत अन्नावर लिहिले गेलेच नाही असे नाही. तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारात सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्ते यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्ये, भाज्या, दूध, ताक यांचे गुणदोष आणि कशाने कोणाला काय होते हा त्याचा विषय. दरबारी विद्वानाला अन्नाबद्दल पडलेला प्रश्न प्रकृतीचा होता, थाटाचा नव्हता. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापले गेले, तेव्हा पाककृती वाड्याबाहेर पडून छापखान्यामार्फत मध्यमवर्गाच्या घरात गेली. मराठी ‘शाही’ जेवणाचा खरा इतिहास या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि तो कोणत्याही सात टप्प्यांपेक्षा चविष्ट आहे. तो ताटलीशेजारी चार ओळींत लिहायला फारसा खर्च येत नाही.

पण व्याकरणाची गोष्ट इथेच सोडली तर मी पंगतीचे नुसते गुणगान केल्यासारखे होईल. मराठी राज्याच्या कारभारात अठरा कारखाने मोजत. पीलखाना, तोफखाना, जामदारखाना, तसाच मुदपाकखाना. या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना पंगतीत जागा नव्हती. पंगत ही मानाची आणि जातीची उतरंड होती. कोण कुठे बसणार, कोण कुणाच्या आधी जेवणार, बायका केव्हा, आणि कोणी मागच्या दाराशी अंगणात ताट हातात घेऊन उभे राहायचे, हे सारे ठरलेले होते. हॉटेलने ही उतरंड मोडली हे त्याचे श्रेय आहे. तिथे दाराशी जात विचारत नाहीत, कार्ड विचारतात. एकेकाळी ज्यांच्या सावलीला या चौकात मज्जाव होता त्यांचा नातू आज इथल्या झोपाळ्यावर बसून जेवू शकतो. ही लहान गोष्ट नाही.

म्हणूनच हॉटेलची लबाडी जास्त खटकते. उतरंड मोडली हे सांगण्यासारखे काम त्याने केले आहे, आणि सांगतो आहे तो मात्र उतरंडीचाच थाट. पाहुण्याला तो म्हणतो, ‘या, राजासारखे राहा.’ मुदपाकखान्यात धूर कोण खात होते, खरकटे कोण काढत होते, पाणक्या कुठल्या दाराने येत होता, हे तो सांगत नाही, कारण मग पाहुण्याला विचार करावा लागेल की त्या काळी आपण यांपैकी कोण असतो. आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ‘राजा’ असे येणार नाही.

या बाबतीत आपली साधी खानावळ अधिक प्रामाणिक. सांगली-कोल्हापूरच्या खानावळीने कधी कुणाला राजा केले नाही. पैसे द्या, पाटावर किंवा बाकावर बसा, पोटभर जेवा. वाढणारी बाई आणि जेवणारा गडी एकमेकांना काय आहेत ते दोघांना ठाऊक असते.

६

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले पंचवीसएक किल्ले दीर्घ मुदतीच्या कराराने हॉटेल आणि पर्यटनासाठी देण्याच्या धोरणाची बातमी आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. छत्रपती शिवाजी महाराजांशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नाही, फक्त दुसऱ्या वर्गातल्या किल्ल्यांचा विचार आहे, असा खुलासा सरकारला करावा लागला. संताप समजण्यासारखा होता. राजगडाच्या सदरेवर दारूचा पेला ही कल्पना कुणालाही सहन होणार नाही.

पण त्या वादात दोनच बाजू उरल्या: पावित्र्य आणि पैसा. पावित्र्याच्या बाजूला ‘पहिला वर्ग’ वाचल्याचे समाधान मिळाले, आणि ‘दुसऱ्या वर्गा’चे काय यावर बोलायला कुणी उरले नाही. दुसरा वर्ग म्हणजे कोण? गढ्या, भुईकोट, तालुक्याच्या गावातले वाडे. ज्यांच्यावर कादंबरी नाही, मालिका नाही, पण ज्यांच्या चौकात गावाच्या तीनशे वर्षांचा हिशेब पडला आहे असे तट. कौले दर पावसाळ्यात सरकतात, तुळईला वाळवी लागते, भाऊबंदकीत सातबारा आणि मिळकतपत्रिका अडकतात, आणि एक दिवस सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाते. मजेची गोष्ट अशी, की ते खांब पुढे कुठल्याशा नव्या ‘वाडा रिसॉर्ट’मध्ये उभे केलेले दिसतात. वाडा पडतो आणि त्याचे हॉटेल दुसऱ्याच गावी होते.

तेव्हा पडझड की हॉटेल असा सरळ सवाल असेल तर माझे मत हॉटेलच्या बाजूने आहे. छप्पर राहिले तर त्याखाली काय सांगायचे यावर भांडता तरी येते. ढिगाऱ्याशी भांडता येत नाही. स्पेनच्या पारादोरांकडून इथे एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मालकी सरकारी, इमारत जुनी, आणि भोजनगृहात त्या प्रांताचे जेवण देण्याचा आग्रह. राजाचे नव्हे, प्रांताचे.

तासगावसारख्या गावात उद्या कुणी जुन्या वाड्यात पाहुणे उतरवायचे ठरवले तर प्रांताचे जेवण म्हणजे काय हे शोधायला फार लांब जावे लागणार नाही. शाळूची भाकरी, खर्डा, भडंग, सांगलीची हळद पडलेली आमटी, तालुक्यातल्या रॅकवर सुकलेला बेदाणा. त्या बेदाण्याची वेल कोणत्या जमिनीवर आली, ती जमीन आधी कोणाच्या नावावर होती आणि नंतर कोणाच्या झाली, एवढे ताटाशेजारी लिहिले तर तो कागद कोणत्याही ‘शाही’ कार्डापेक्षा मोलाचा होईल. चौकाची एक बाजू गावाला उघडी ठेवली, रथ निघतो त्या दिवशी दिंडी दरवाजा पाहुण्यांसाठी बंद आणि गावासाठी खुला राहील असे करारात लिहिले, मुदपाकखाना पाडून स्पा न करता तो चुलीसकट दाखवला, तर असा वाडा हॉटेल झाल्याने काही गमावणार नाही.

समीक्षेचे काम इथेच येते. पर्यटन खाते खोल्या मोजील, पाहुणे चांदण्या देतील. वाड्याने सांगितलेली गोष्ट कागदाशी आणि गावाशी ताडून पाहणे हे काम त्या दोघांचे नाही, ते आपले आहे. ते आपण बखरींबाबत शंभर वर्षे करत आलो. जेवणाचे कार्डही तितक्याच कसून वाचायला हवे, कारण पुढच्या पिढीतले पुष्कळ जण बखर वाचणार नाहीत, पण सुट्टीत दोन दिवस किल्ल्यात नक्की राहतील. तिथून ते जो इतिहास घेऊन येतील, त्यात सरदाराइतकाच पाणक्याही असला पाहिजे.